उजव्या पानावरची माणसं

पेल्याची सावली पेल्याच्या बुडापासून सुरू होते, हे कर्णिक मास्तर चौतीस वर्षं मुलांना सांगत आले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी रविवारी सकाळी नौपाड्यातल्या त्यांच्या पडवीत आळीतली आठ-दहा मुलं जमत, आणि मास्तर जमिनीवर पितळी पेला ठेवून त्यांना तो काढायला लावत. त्या रविवारी एका मुलीने पेला अगदी नीट काढला होता, पण त्याची सावली एकटीच कागदाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती. "अगं, ही सावली कोणाची?" मास्तर म्हणाले. "पेल्याची," ती म्हणाली. "मग त्याला सोडून कुठे निघाली ती?" मुलं हसली. मास्तरही हसले आणि रबर आणायला आत गेले. पुढच्या खोलीत सतरंजीवर फोटो मांडून ठेवलेले होते. त्यांच्यामधून पाय जपून टाकत जात असताना ते एकेचाळीस नंबरच्या फोटोपाशी थबकले. मिठागराचा फोटो होता. पांढऱ्या राशी, मधे पाण्याचे चौकोनी वाफे, मागे खाडी. डावीकडच्या वाफ्यातल्या पाण्यावर एक सावली पडली होती. डोकं, खांदे, खांद्यावर आडवी काठी. सावली पाण्यावरून बांधापर्यंत येत होती आणि बांधाशी संपत होती. बांधावर कोणी नव्हतं.

मास्तर रबर विसरले. ते खाली बसले, भिंग काढलं आणि फोटो खिडकीकडे वळवला. एक सावली सापडल्यावर दुसरी सापडायला वेळ लागला नाही. राशीच्या कडेला वाकलेली एक, दूर वाफ्यात अर्धवट दोन. पाणी होतं तिथे तिथे त्या पडल्या होत्या, आणि जिथे नुसतं मीठ होतं तिथे काहीच नव्हतं, फक्त पांढरं होतं. भिंगातून पाहिलं तर मिठापेक्षाही पांढरं, कणी नसलेलं, गुळगुळीत. मास्तरांनी सात सावल्या मोजल्या. सात सावल्या म्हणजे निदान सात माणसं, आणि ती सगळी कोणीतरी हलक्या हाताने, वेळ घेऊन, पुसून टाकली होती. बाहेरून मुलांनी हाका मारल्या. मास्तर पडवीत गेले आणि म्हणाले, "आज पुरे." असं ते कधीच म्हणत नसत. मुलं एकमेकांकडे बघत पेन्सिली गोळा करू लागली.

हे पुस्तक हरिहर चौबळांच्या डोक्यातून निघालेलं. टेंभी नाक्यावर चौबळांचा छापखाना होता, आणि ते व मास्तर शाळेत एका बाकावर बसलेले. ठाण्यावर चित्रांचं पुस्तक काढायचं, मजकूर थोडा, फोटो जास्त, असं ठरवून चौबळ मार्गशीर्षात नव्वद फोटोंची पेटी घेऊन आले होते. फोटो प्रभाकरने काढलेले. प्रभाकर मास्तरांचा विद्यार्थी, स्टेशनजवळ स्टुडिओ चालवणारा. "कुठला फोटो कुठे, किती मोठा, कशाशेजारी काय, ते सगळं तू ठरव. मी फक्त छापणार," चौबळ म्हणाले होते. मास्तरांनी कोऱ्या कागदांची नमुन्याची वही शिवली आणि खळ शिजवून फोटो चिकटवायला घेतले. पहिली मांडणी देवळं, तळी, किल्ला, कोर्ट अशी झाली. ती शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखी दिसायला लागली तेव्हा मास्तरांनी सगळे फोटो ओले असतानाच उपटून काढले. मग आठ दिवस ते नुसते फोटोंमधून फिरत राहिले. आणि एका सकाळी दात घासताना त्यांना सुचलं की डावं पान जागेचं आणि उजवं माणसाचं. ती जागा ज्याच्यामुळे तशी आहे त्या माणसाचं. डावीकडे मासुंदा तळं, तर उजवीकडे त्यातलं शेवाळ काढणारा कमरेइतक्या पाण्यातला गडी. डावीकडे कोर्टाची पायरी, तर उजवीकडे तिच्यावर बसून अर्ज लिहिणारे चष्मेवाले गृहस्थ. डावीकडे भाजीबाजार, तर उजवीकडे शेवंती भाजीवाली, तोंडात पान, गिऱ्हाइकाकडे न बघता. मास्तरांना इतका आनंद झाला होता की त्यांनी तसंच तोंडात राखुंडी असताना सुनेला, उत्तराला, हाक मारली. पान उलटलं की गावाला तोंड फुटेल असं काहीसं ते तिला सांगत राहिले, आणि उत्तरा म्हणाली, "अप्पा, आधी चूळ भरा."

बाकीची सगळी पानं भरली. मिठागराचं उजवं पान तेवढं राहिलं. मिठागराचे फोटो पाच होते, पण एकातही माणूस नव्हता. तो दिवस वाईट असेल, कामाला सुट्टी असेल, असं मास्तरांनी महिनाभर मनाला सांगितलं होतं. आता तसं सांगता येईना. त्यांनी चौबळांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक फोटोखाली काय छापायचं ते चौबळांनी बोरूने वळणदार लिहून दिलं होतं. मासुंदा तळे. जांभळीनाका. कौपिनेश्वराचा कळस. आणि एकेचाळीस नंबरला 'खाडीलगतची मोकळी जमीन'. मास्तरांनी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. मिठागर असा शब्दच तिच्यात नव्हता. खाडीकडे एक कारखाना येणार अशी बोलवा वर्षभर होती. पाहणीला मुंबईहून साहेब येणार, त्या दिवशी नगर वाचनालयात समारंभ होणार, आणि साहेबांच्या हातात पहिली प्रत द्यायची, हे चौबळांनीच सांगितलं होतं. तेव्हा मास्तरांना त्यात फक्त मान दिसला होता. आता तोच मान दुसऱ्या बाजूने दिसायला लागला. पुस्तक उघडायचं, साहेबाने पान उलटायचं, आणि खाडीकाठी बघावं तर कोणीच नाही.

संशयाची एक गंमत मास्तरांच्या लक्षात आली. तो पुढे जात नाही, मागे जातो. चौबळ चौथीत असताना वर्गाच्या फळ्यावरून गैरहजर मुलांची नावं पुसायचे, वर्गावरचे गुरुजी यायच्या आत, कोणी न सांगता. तेव्हा सगळे म्हणायचे, हरी किती दयाळू. आता वाटलं, याला पुसायचीच हौस होती. चौबळ बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतात. चौबळांनी गेल्या वर्षी नवीन यंत्र घेतलं. दिवाळीत त्यांच्या ओटीवर एक परका, बूटवाला माणूस बसलेला होता आणि मास्तर गेल्यावर तो उठला होता. पन्नास वर्षांचा स्नेह एका दुपारीत दोऱ्यासारखा उसवत गेला. मास्तर उसवलेला एकेक टाका बोटांवर घेऊन बघत राहिले आणि मधेच त्यांना शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून संशय आणखी खरा वाटला.

"जेवायला चला," उत्तरा म्हणाली. मास्तरांनी तिला फोटो दाखवला आणि चौबळांबद्दलचा संशयही सांगितला. तिने पदराला हात पुसून फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला. "प्रभाकर भावजींनी रिटचिंग केलं असेल. माझ्या लग्नाच्या फोटोतला चुलतसासऱ्यांच्या नाकावरचा मस नाही का काढला त्यांनी?" "मस वेगळा. ही माणसं आहेत." "मग त्यांनाच विचारा की. तुम्ही चौबळकाकांवर का घसरताय?" मास्तरांनी फोटो तिच्या हातून परत घेतला. प्रभाकरला विचारायचं म्हणजे दुसरा धागा ओढायचा, आणि तोही निघाला तर हातात काय राहणार होतं?

जेवून ते आडवे झाले. झोप येत नव्हती. मास्तरांचे वडील मिठाच्या खात्यात कारकून होते. सहा-सात वर्षांचा विश्राम, म्हणजे मास्तरच, त्यांच्याबरोबर खाडीवर जायचा. वडील छत्री धरून राशींमधून फिरत, काठीने राशींची उंची बघत आणि पुटपुटत. मुलाला एका बांधावर बसवलेलं असे. ऊन मिठावरून डोळ्यांत उसळायचं. एकदा त्याला घेरी आली आणि कोणा बाईने गाडग्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतून उरलेलं प्यायला दिलं. पाण्याची चव आठवत होती, गाडग्याची गार, खरखरीत कड ओठांना आठवत होती, बाईच्या पायांच्या भेगांत साचलेलं पांढरं आठवत होतं. चेहरा आठवत नव्हता. मास्तरांनी डोळे मिटून तो आणायचा प्रयत्न केला. पायांवरून वर जात जात नऊवारीच्या काठापर्यंत ते पोचत, आणि तिथून वर नुसता उजेड होता. त्यांना वाटलं, तेव्हा मी वर बघितलंच नसेन. मग दुसरंच आठवलं. शाळेत परीक्षेला ते 'आपले गाव' हा विषय देत, आणि वर्गातून फिरताना सांगत, "आधी जागा, मग माणसं." घरं, झाडं, रस्ता नीट आखून घ्या, माणसं शेवटी घाला, नाहीतर मोजमाप बिघडतं. मुलं घरं आखत, खिडक्या आखत, कौलं एकेक आखत, आणि घंटा होई. चौतीस वर्षांत अशी किती रिकामी गावं त्यांनी तपासली होती आणि दहापैकी सात गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रभाकरच्या स्टुडिओत गेले. प्रभाकर पडद्यावरच्या रंगवलेल्या कारंज्यापुढे एका जोडप्याला उभं करत होता. "मास्तर, बसा. दोन मिनिटं." जोडपं गेल्यावर मास्तरांनी फोटो टेबलावर ठेवला आणि भिंग सावलीवर ठेवलं. प्रभाकरने वाकून बघितलं. "राहिलीच की," तो हळूच म्हणाला. "काय राहिलं?" "काही नाही, मास्तर." "काच दाखव." "काच..." "प्रभाकर, तू माझ्यापाशी सावली शिकलास." प्रभाकरने कपाटातून खोकं काढलं आणि निगेटिव्हची काच उजेडाला धरली. काचेवर जागोजाग तांबड्या रंगाचे ठिपके होते, लहान, नीट, माणसाच्या आकाराचे. ज्या जागी काचेवर तांबडं असतं त्या जागी कागदावर पांढरं उमटतं. मास्तरांनी मोजले. सोळा.

"कोणी सांगितलं? चौबळांनी? कारखान्यावाल्यांनी?" प्रभाकरने काच परत खोक्यात ठेवली, इतक्या हळू की काचेचा आवाजही झाला नाही. "मास्तर, मी शब्द दिलाय. हातात मीठ घेऊन दिलाय. मला विचारू नका." "मी तुझ्याकडे कोण म्हणून आलोय?" "म्हणूनच सांगतो, विचारू नका. विचारायचं तर तिथे जाऊन विचारा. ठमाबाईला." मास्तर उठले. पायरी उतरताना त्यांना वाटलं की हाही अभिनय असेल. हातात मीठ, शब्द, ठमाबाई, हे सगळं एखाद्या नाटकातलं वाटत होतं. पण तांबड्या ठिपक्यांत त्यांना दुसरंच काहीतरी दिसलं होतं. पुसायचं काम चिडलेला माणूस असं करत नाही, लबाड माणूसही करत नाही. प्रत्येक ठिपक्याला खांदे होते. एकाला तर डोक्यावरची पाटीसुद्धा प्रभाकरने कडेकडेने रंगवली होती. झाकणाऱ्याने काळजी घेतली होती.

त्याच संध्याकाळी चौबळ घरी आले. खुर्चीत बसून त्यांनी नमुन्याची वही चाळली आणि ते मान हलवत राहिले. "विश्राम, फार छान. हे डावं-उजवं कोणाला सुचलं नसतं." मिठागरापाशी आल्यावर ते थांबले. "हे उजवं कोरं?" "माणूस मिळत नाही." "मग कशाला शोधत बसतोस? दोन्ही पानं भरून एकच मोठा फोटो टाक. किती स्वच्छ फोटो आहे बघ. हवाच खेळते." मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चौबळ नेहमीप्रमाणे खांद्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "खाली मोकळी जमीन असं का लिहिलंस?" "मग काय लिहू? मोकळीच दिसतेय." "मिठागर म्हणून आपण लहानपणापासून—" "अरे, लोकांना मिठागर म्हटलं की वास येतो," चौबळ हसले. "वीस दिवस राहिले. साहेब चैत्रात येणार. तू आता पानं मोजत बसू नकोस." ते गेल्यावर उत्तरा चहाचे कप उचलताना म्हणाली, "काका तर नेहमीसारखेच बोलले." "तेच तर," मास्तर म्हणाले. उत्तराने कप तसेच हातात धरून सासऱ्यांकडे बघितलं. "अप्पा, तुम्हाला काही होतंय का?"

कोपरीच्या पुढे खाडीला लागून असलेल्या मिठागराच्या वाडीवर मास्तर सकाळीच गेले. रूळ ओलांडल्यावर चिखल लागला, मग वाट, मग बांध. वाफ्यांत माणसं होती. लांब दांड्याच्या फळीने पाणी ओढणारे, पाट्या वाहणाऱ्या बायका. मास्तर दिसताच फळ्या थांबल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी पुढे आलं नाही, पण ज्या वाफ्याजवळून मास्तर जात त्या वाफ्यातली माणसं पाठ करून उभी राहत. पुढे गेल्यावर मागे फळीचा आवाज पुन्हा सुरू होई. शेवटच्या राशीजवळ एक म्हातारी झाप विणत बसली होती. "ठमाबाई कुठे राहतात?" "कनाला?" "जरा बोलायचंय." "बोला तं." "मी प्रभाकरचा मास्तर," असं सांगून ते तिच्यासमोर बांधावर बसले, पिशवीतून फोटो काढून पुढे धरला. ठमाबाईने तो हातात घेतला नाही, मान तिरपी करून बघितला आणि काठीवाल्या सावलीवर बोट ठेवलं. "ही ऱ्हायली. यो पंढरी. माजा पोर. पान्यान पुसता नाय आला जनू त्या फोटूवाल्याला."

"तुम्हाला माहीत आहे?" "आमीच बोललो त्याला. आमाला पुसून टाक. मीठ हातान दिलं, बोललो, कुनाला सांगशील तं बघ." मास्तरांच्या हातातला फोटो खाली आला. इतक्या दिवसांत कोणाकोणाची तोंडं त्यांनी त्या काचेमागे बसवली होती, आणि हे तोंड त्यांत नव्हतं. "पण का?" ठमाबाई हसली, एका बाजूने. "तुमी मास्तर ना? मागल्या साली पलीकरच्या आगरान असाच एक आला, फोटू काडून जेला. म्हैन्यान मानसा आली, फोटू हातान. यो कोन, ती कोन, नाव सांगा. ज्यांची नावा मालकाचे हजेरीन नव्हती त्यांचे झोपरे मोरले. आता तुमचा प्रभाकर आला तवा समदी पलाली, तं तो बोलला, काडून झाला. मंग काय करनार?" तिने झापाची एक पट्टी दाताने ओढून घट्ट केली. "नाय दिसलो तं नाय धरनार."

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. वर्गात सांगत तसंच, हळूहळू, मधे थांबून, समोरच्याला कळलंय की नाही ते बघत. हे फोटो चौबळांच्या पुस्तकात जाणार. पुस्तक मोठ्या साहेबाच्या हातात जाणार. तो इथे कारखान्यासाठी जागा बघायला येतोय. त्याने पान उघडलं की त्याला इथे मीठ दिसेल, पाणी दिसेल, माणूस एकही दिसणार नाही. "जिथे कोणीच नाही ती जागा घ्यायला तो विचारणार कोणाला?" ठमाबाईचे हात थांबले. "आनि दिसलो तं?" "तर विचारावं लागेल." "आनि नावा बी इचारतील." "हो." "आनि झोपरे मोरतील." वर्गात प्रश्न अडला की मास्तर म्हणत, उद्या सांगतो, आणि घरी जाऊन पुस्तकं काढत. इथे कुठलं पुस्तक काढणार? "मला माहीत नाही," ते म्हणाले. ठमाबाईने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुमी चौबलाचे का सरकारचे?" "मी पुस्तक मांडतोय." "तुमचे बापूस काय करायचे?" "मिठाच्या खात्यात होते." "मंग झालाच, आमचाच मीठ खाल्लाय तुमी बी," ती म्हणाली आणि उठली. "बसा हिथंच. मी एकली नाय सांगनार. इचारून येते."

मास्तर बसून राहिले. ऊन चढलं. वाडीकडून बोलणं ऐकू येत होतं, कधी एकाचा आवाज चढे, कधी सगळे एकदम बोलत आणि मग काहीच ऐकू येत नसे. पाणी कोणी विचारलं नाही. विचारावं असं त्यांना वाटलंही नाही. बसल्या बसल्या त्यांचा संशय फिरून फिरून शेवटी जवळच येऊन बसला. मी हे कोणासाठी करतोय? या लोकांची घरं वाचावीत म्हणून, की माझ्या वहीतलं एक उजवं पान कोरं राहतंय म्हणून? डावं-उजवं सुचलं तेव्हा तोंडात राखुंडी घेऊन आपण नाचलो होतो. हे पान भरलं नाही तर ती सगळी मांडणी पडते, आणि ती पडू नये म्हणून आपण इथे चिखल तुडवत आलो असलो तर? त्यांनी स्वतःला नीट विचारलं, मुलाला विचारावं तसं, न रागावता. आणि मुलं जसं उत्तर येत असून गप्प बसतात तसं मन गप्प बसलं. त्यांना उठून निघून जावंसं वाटलं. वाफ्यात एक मुलगी पाटी उतरवताना त्यांच्याकडे बघत होती. ते बघताहेत हे कळूनही तिने तोंड वळवलं नाही. म्हणून ते बसून राहिले.

दुपार कलल्यावर ठमाबाई आली. तिच्यामागे सहा-सात माणसं आली आणि दहा पावलांवर थांबली. "फोटूत सोला जना हायती," ती म्हणाली. "चौदा हो बोलतान. दोगा नाय." "दोघं कोण?" "तां तुमाला कनाला?" "झाकून ठेवायला हवेत ना. कुठे आहेत ते तरी." ठमाबाईने फोटो आता हातात घेतला, उलटसुलट केला आणि दोन जागा दाखवल्या. एक बांधाच्या टोकाला, एक राशीमागे. मास्तरांनी फोटोच्या मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने दोन टिंबं केली. तिथे कोण आहे ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दहा पावलांवरच्या माणसांत त्या दोघांपैकी कोणी असेल, कदाचित ती पाटीवाली मुलगी असेल, असं वाटून त्यांनी मुद्दामच वर बघितलं नाही. "आनि चौदांची नावा लिवा," ठमाबाई म्हणाली. "नुसता थोबार नको. नाव लिवा, आनि कवापासून हाय तां बी. आमी सांगतो, तुमी लिवा." "नाव लिहिलं तर धरतील म्हणालात ना?" "तवा त्यांनी इचारली म्हनून सांगली. आता आमी सांगतो म्हनून लिवा." मागून एकजण म्हणाला, "आये, मास्तरला पानी दे. ऊन लागलं तं आपल्याच नावावर येल." सगळे हसले. मास्तरांनी गाडगं घेतलं, आणि पाणी पिताना डोळे उघडे ठेवले. मग त्यांनी वही काढली. नावं सांगायला ती माणसं एकेक करून जवळ आली. आनंदा, आज्यापासून. सखुबाई, लग्न होऊन आली तेव्हापासून, मोठ्या वादळाच्या साली. राघो, इथेच जन्मला. गणू, बापापासून. मास्तर मुलांच्या हजेरीसारखं नुसतं नाव लिहायला गेले की ठमाबाई म्हणे, "कवापासून तां लिवा." चौदा नावं लिहायला दिवस मावळला.

प्रभाकरने काच टेबलावर ठेवली आणि ओल्या कापसाने तांबडा रंग टिपायला सुरुवात केली. मास्तर शेजारी बसून सांगत होते, हा राहू दे, हा काढ. तांबड्याखालून एकेक माणूस निघत होतं, काचेवर उलटं, पारदर्शक. दोन ठिपके राहिले. "मास्तर, बाकीची माणसं दिसायला लागल्यावर हे दोन कागदावर डागासारखे दिसतील," प्रभाकर म्हणाला. "दिसू देत." "रंग थोडा ओढून मिठात मिसळू का? कळणार नाही." मास्तरांना क्षणभर मोह झाला. पान स्वच्छ झालं असतं. "नको. जसे आहेत तसे राहू दे." दुसऱ्या दिवशी मास्तरांनी छापखान्यात जाऊन चौबळांना नवा फोटो दिला, उजव्या पानासाठी, आणि चौदा नावांची यादी. चौबळांनी चष्मा काढून यादी वाचली. "नावं कशाला?" "अट आहे." "कोणाची?" "त्यांची." चौबळ पहिल्यांदा खांद्यावरून पलीकडे न बघता मास्तरांच्या डोळ्यांत बघत राहिले. यंत्र बंद होतं, कंपोझिटर जेवायला गेला होता. "ब्लॉक पुन्हा करून आणावा लागेल. आठ दिवस जातील," ते एवढंच म्हणाले. मास्तरांना हे इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. घरी येताना ते वाटभर विचार करत राहिले की हरीने एवढ्यात का कबूल केलं, आठ दिवसांत काय करायचा त्याचा बेत आहे. मुद्रितं आली तेव्हा त्यांनी तीनदा तपासली. चौदाही नावं होती. कवापासून तेही होतं. डाव्या पानाखाली 'मोकळी जमीन' नव्हती, 'मिठागर, कोपरी' असं होतं. संशयाला जागा उरली नाही तेव्हा मास्तरांना काही हरवल्यासारखं झालं. चौबळांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारण्याचं धाडस झालं नाही.

चैत्रात साहेब आले. वाचनालयाच्या दिवाणखान्यात गाद्या घातल्या होत्या, हार झाले, भाषण झालं, पन्हं झालं. मग चौबळांनी पुस्तकाची पहिली प्रत साहेबांच्या हातात दिली आणि मास्तरांची ओळख करून दिली. साहेब तरुण होते, मराठी नीट बोलत होते. त्यांनी उभ्या उभ्या पानं उलटली. तळ्यापाशी हसले, शेवंतीपाशी म्हणाले, "वा." मिठागरापाशी आल्यावर ते खुर्चीत बसले. डावं पान बघितलं, मग उजवं. मग नावांवर आले आणि ती ओठ न हलवता वाचू लागले. त्यांचं बोट एका नावावरून दुसऱ्यावर सरकत होतं आणि वर फोटोत त्या नावाचा माणूस शोधत होतं. मास्तरांना आठवलं, पलीकडच्या आगरातही असंच एक बोट फोटोवरून फिरलं असेल. हेही तसंच मोजत असलं तर ते आपणच त्याच्या हातात दिलं, नाव-गाव लिहून, छापून, कापडी बांधणीत. साहेबांचं बोट बांधाच्या टोकाला थांबलं, मग राशीमागे.

"नावं चौदा आहेत," साहेब म्हणाले. "हे दोन पांढरे डाग कसले? छपाईत राहून गेले का?"

चौबळ काही बोलायला पुढे झाले. मास्तरांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"डाग नाहीत, साहेब. तिथे दोन माणसं उभी आहेत."

"मग दिसत का नाहीत?"

"त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही."

"कोणावर?"

सगळा दिवाणखाना ऐकत होता. मास्तरांनी साहेबांकडे बघितलं, चौबळांकडे, दाराशी कॅमेरा धरून उभ्या असलेल्या प्रभाकरकडे.

"आपल्या सगळ्यांवर," ते म्हणाले. "माझ्यासकट."

साहेबांनी पान उलटण्यासाठी धरलेला कोपरा तसाच बोटांत राहिला. मग त्यांनी तो सोडला, पान पुन्हा सपाट केलं, आणि पहिल्या नावापासून परत वाचायला सुरुवात केली.